शीर्षकात वाढलेला एक शब्द

एप्रिल १९५९. चीनच्या खेड्यांतून फुगवलेल्या पीकपाण्याचे आकडे वर जात होते आणि खरे सांगण्यास कोणी धजावत नव्हते. अशा वेळी माओ त्सेतुंग यांनी पक्षाच्या बैठकीत हाय रुई या मिंगकालीन अधिकाऱ्याचा दाखला दिला. १५६६ साली सम्राट चियाचिंगला त्याचे दोष दाखवणारे निवेदन लिहिताना या गृहस्थाने स्वतःसाठी शवपेटी आणून ठेवली होती. असे निर्भीड लोक हवेत, असा माओंच्या बोलण्याचा रोख होता.

मिंग इतिहासाचे अभ्यासक आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांना हाय रुईवर लिहिण्यास सांगण्यात आले. त्यांनी जूनमध्ये लेख लिहिला. जुलैमध्ये लुशान येथे संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी माओंना पत्र लिहून धोरणातील चुका दाखवल्या आणि लवकरच त्यांचे पद गेले.

वू हान लिहीतच राहिले. पेकिंग ऑपेराचे ख्यातनाम नट मा लियानलियांग यांच्या आग्रहावरून त्यांनी नाटक हाती घेतले. नाटककार नसलेल्या या इतिहासकाराने सात खर्डे केले. निवृत्त महामंत्री श्यू ज्ये याच्या मुलाने शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावलेल्या. हाय रुई त्या परत करवतो, मुलाला देहदंड सुनावतो. श्यू ज्ये दरबारात सूत्रे हलवून त्याचे पद काढवतो. पण राजमुद्रा नव्या अधिकाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी हाय रुई शिक्षा अमलात आणतो. नाटकाचे नाव आधी नुसते ‘हाय रुई’ होते. संहितेत एकच प्रसंग आहे, तर नावातही तो दिसावा, असे एका मित्राने सुचवले आणि ‘पदच्युती’ हा शब्द वाढला. १९६१ च्या आरंभी प्रयोग झाला; कौतुकही झाले.

१० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या ‘वेनहुई बाओ’ या दैनिकात याओ वेनयुआन यांचा नाटकावरील घणाघाती लेख आला. त्याची तयारी च्यांग चिंग यांच्या देखरेखीखाली गुप्तपणे झाली होती. जमीन परत करण्याचा प्रसंग म्हणजे सामूहिक शेती मोडण्याचे समर्थन, असा आरोप होता. पेंग यांचे नाव त्यात नव्हते. बीजिंगची वृत्तपत्रे महिनाअखेरपर्यंत गप्प राहिली. ‘पीपल्स डेली’ने अखेर तो लेख विद्वच्चर्चेच्या सदरात छापला, जणू वाद केवळ इतिहासाचा होता!

डिसेंबरमध्ये माओंनीच गाठ उकलली: मर्म ‘पदच्युती’त आहे, चियाचिंगने हाय रुईला काढले, आम्ही पेंगना. वस्तुतः नाटकातली पदच्युती चियाचिंगच्या मृत्यूनंतरची, त्याच्या पुत्राच्या कारकिर्दीतली. ही चूक वू हान यांच्या नजरेतून सुटली नसती. पण ती दाखवून देणे आता कोणाच्याही आवाक्यात नव्हते.

वू हान यांना केवळ निष्पाप बळी म्हणणेही अपुरे ठरेल. १९५७ च्या ‘उजव्यां’विरुद्धच्या मोहिमेत जुन्या सहकाऱ्यांवर तुटून पडणाऱ्यांत ते स्वतः होते.

डिसेंबर १९६६ मध्ये मा लियानलियांग गेले. ११ ऑक्टोबर १९६९ रोजी वू हान कैदेत मरण पावले. १९७९ मध्ये त्यांच्यावरील ठपका पुसला गेला आणि नाटक पुन्हा रंगमंचावर आले. तोवर त्यांची पत्नी आणि दत्तक मुलगी, दोघीही हयात नव्हत्या.