कच्च्या लिंबाची ढाल

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत एक प्रश्न रोज कानावर पडतो, "पण असं कोण करतं?" नावाच्या रकान्यात कुणी चारशे अक्षरं कोंबली तर पान कोसळतं, हे मी दाखवून द्यावं आणि समोरच्या डेव्हलपरने चष्मा कपाळावर सरकवत हे विचारावं, असा आमचा नित्यक्रम. पुण्यातली माझी सगळी नोकरी "कुणीतरी करतंच" एवढं उत्तर देण्यात गेली आहे. त्यामुळे सुट्टीत राहायला आलेली भाची लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून "मावशी, हे तुझ्या खात्यातलं आहे" म्हणाली, तेव्हा मी चहाचा कप घेऊन बसले, पण फारशी आशा नव्हती.

गेममध्ये शिरलेल्या माणसांच्या अ‍ॅनिमे मालिकांबद्दल माझं मत तिला ठाऊक होतं. 2012 सालची 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' मी थोडी पाहिली होती. दहा हजार खेळाडू गेममध्ये अडकतात, बाहेर पडायचं बटणच गायब, आणि आत मेला तो बाहेरही मेला. चांगली आहे म्हणतात. पण दिवसभर ऑफिसात आगी विझवून आल्यावर संध्याकाळी आणखी कुणाचा जीव टांगणीला लागलेला बघायची मला हौस नव्हती.

तिने लावली होती 'बोफुरी'. मूळ जपानी नाव चांगलंच लांबलचक आहे आणि त्याचा मतलब एवढाच, की मला दुखलेलं आवडत नाही, म्हणून मी सगळी ताकद बचावातच घालणार. युमिकान या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही गोष्ट आधी इंटरनेटवर आली, मग पुस्तकरूपाने, आणि 2020 च्या जानेवारी ते मार्चमध्ये सिल्व्हर लिंक या स्टुडिओने तिची मालिका केली.

काएदे होन्जो ही शाळकरी मुलगी. तिची मैत्रीण रिसा तिच्या गळ्यात एक ऑनलाइन गेम मारते आणि स्वतः मात्र अभ्यासात अडकते. अशा गेममध्ये सुरुवातीला थोडे गुण मिळतात. ते ताकद, चपळाई, बुद्धी, बचाव अशा रकान्यांत वाटायचे असतात. शहाणा माणूस सगळीकडे थोडे थोडे टाकतो. काएदे हातात भली मोठी ढाल घेते, 'मॅपल' असं नाव लावते आणि सगळेच्या सगळे गुण बचावात ओतून मोकळी होते. परिणाम असा, की बाईसाहेबांना धड पळताही येत नाही. पहिला शत्रू भेटतो तो ससा. तो धडका मारतो आणि हिला काही म्हणजे काही होत नाही. मग ती त्याला मारायचं सोडून त्याच्याशी खेळत बसते, चांगली तासभर. तासाभराने गेम जाहीर करतो की शत्रूचे हल्ले तासभर झेलूनही इजा नाही आणि उलट वारही नाही, म्हणून हे घ्या खास कौशल्य.

इथे मी मालिका थांबवली आणि मला हसू आवरेना. भाचीला कळेना एवढं काय झालं. अगं, ही अट कुणीतरी ऑफिसात बसून लिहिली असणार! शुक्रवारी संध्याकाळी, रिलीजच्या आदल्या दिवशी. टेस्टरने विचारलंही असेल, आणि त्याला उत्तर मिळालं असेल, "असं कोण करतं?"

पुढे ती विषारी ड्रॅगनच्या गुहेत जाते. विष अंगावर घेत घेत तिला विष बाधेनासं होतं, पण मारायला काही साधन उरत नाही. मग ती ड्रॅगनला खाते. अक्षरशः चावून चावून. त्याचंही बक्षीस मिळतं, कारण विषाची सगळी शक्ती आता तिची होते. कथेची गंमत अशी, की मॅपल पळवाटा शोधतच नाही. आम्ही टेस्टर लोक मुद्दाम वाकड्यात शिरतो. आमची नजरच खोडसाळ झालेली असते. या मुलीला जे सुचतं ते ती भोळेपणाने करते आणि नेमकी तिथेच गेमची शिवण उसवते.

भाचीला हे पटत नव्हतं. ती स्वतः मन लावून गेम खेळणारी. "मावशी, खऱ्या गेममध्ये सगळे गुण एकाच रकान्यात टाकले ना, तर पहिल्या तासात बोऱ्या वाजतो. हे बॅलन्सच नाही." तिची आवडती अर्थातच रिसा, गेममधलं नाव सॅली. ती सराव करते, शत्रूच्या हालचाली टिपते, चपळाई वाढवते आणि एकही वार अंगाला लागू देत नाही. एक जण वार चुकवते, दुसरी तो खात उभी राहते, आणि दोघी गप्पा मारत हिंडतात. मला ही जोडी या मालिकेची सगळ्यात जमलेली गोष्ट वाटते. त्यांच्यात भांडण नाही, असूया नाही. एकीला सगळं आयतं मिळतं आणि दुसरीला घाम गाळावा लागतो, हे दिसत असूनही सॅली मनापासून हसते.

माझी आवडती पात्रं मात्र गेम चालवणारे लोक. ती अधूनमधून येतात, चमत्कारिक छोट्या प्राण्यांच्या रूपात, आणि पडद्यावर मॅपलचे प्रताप बघून डोकं धरतात. पहिल्या मोठ्या स्पर्धेत ही नवशिकी तिसरी येते. सत्काराच्या वेळी चार वाक्यं बोलताना तिची जीभ अडखळते, पण निकाल तो निकालच. मग यांची बैठक. तिच्या ढालीत समोर येईल ते गिळून टाकायची शक्ती असते, ती आता दिवसातून दहा वेळाच चालेल असं ठरतं. शिवाय बचाव भेदणारे हल्ले गेममध्ये आणले जातात. "नर्फ केलं तिला," म्हणजे मुद्दाम कमजोर केलं, असं भाची समाधानाने म्हणाली. पण बाईसाहेब दुसरीकडून निघतातच. पुढे तिचं पाळीव कासव एवढं मोठं होतं की त्यावर बसून ती आकाशातून फिरते. एकदा तर ती लोकरीचा गोळा होते.

या गेमवाल्यांचं मला फार कौतुक वाटलं. कारण ते तिला हाकलत नाहीत. तिने कमावलेलं काढून घेत नाहीत, त्याला लगाम घालतात, आणि नवे हल्ले सगळ्याच खेळाडूंना खुले करतात. आमच्या वाड्यात लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. त्याने मनसोक्त पळायचं, ओरडायचं, पण राज्य त्याच्यावर यायचं नाही. मॅपल तशीच कच्चा लिंबू, फक्त शेवटी बाद होतात ते बाकीचे सगळे! आणि तरी कुणी खेळ मोडून घरी जात नाही.

ताण मात्र फारसा नाही, हे कबूल. गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या गटांच्या, लढाईत पेन नावाचा तलवारबाज तिचा बचाव फोडतो तेव्हा क्षणभर श्वास अडकतो, एरवी ती जिंकणार हे ठाऊकच असतं. गिल्डमधले इतर सोबती छान दिसतात, पण त्यांच्या वाट्याला फार काही येत नाही. 2023 च्या सुरुवातीला आलेल्या दुसऱ्या सीझनमध्ये तर गेमचा नवा मजला, नवी शक्ती, पुन्हा नवा मजला, अशी सहल चालते. पहिल्यांदा ससा धडकला तेव्हाचं नवल तिथे उरत नाही.

तेव्हा पहिल्या सीझनचे बारा भाग बघा, एका बैठकीत दोनच. घरात गेम खेळणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा, कारण निम्मी मजा त्याच्याशी वाद घालण्यात आहे. सॉफ्टवेअरमध्ये असाल तर गेमवाल्यांचे प्रसंग अजिबात गाळू नका. दुसरा सीझन नाही पाहिला तरी चालेल.