ठण्ण वाजली तर घ्या

जुनी स्पीडबोट तपासणं ही केवढी भारी गोष्ट आहे, आणि चाळिशी उलटेपर्यंत मला कोणी सांगितलंच नाही! सांगणार तरी कोण? मी बुऱ्हाणपूरचा, तापीत राजघाटावर डुंबलेला माणूस. आमच्याकडच्या लोकांना वेगवान बोटी दिसतात त्या खंडवा जिल्ह्यात हनुवंतियाला, इंदिरासागरच्या पाण्यावर. तिथे 2016 साली जलमहोत्सव सुरू झाला आणि तिथेच आमच्या मामेभावाच्या डोक्यात किडा वळवळला. त्यापायी परवा आम्ही थेट अलिबागकडच्या एका शेडमध्ये, एका जुन्या बोटीसमोर उभे! लाल, चकचकीत, टोकदार. मी तर जागच्या जागी पैसे मोजले असते.

सोबत आलेल्या मेकॅनिककाकांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागे गेले, खिशातून नाणं काढलं आणि ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, ठोकायला लागले. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. थप्प.

‘‘इथं लाकूड गेलंय,’’ काका म्हणाले.

फायबरच्या बोटीत लाकूड? हो ना! जुन्या बोटींत बहुतेक वेळा फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं. तळाला आतून बळ देणाऱ्या लांब दांड्यांतही लाकूडच. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं, वर्षानुवर्षं आतल्या आत कुजवतं, आणि वरून पॉलिश तसंच झळकत राहतं. आमच्या पॉवरलूमच्या गावात जुना माग घेणारा आधी कान देतो, तसंच हे! मग मीही नाणं घेऊन अख्खी बोट वाजवत सुटलो. मामेभाऊ वैतागला, पण मला कुठली शुद्ध!

तळाचा तो खोल व्ही आकार तर बघतच राहावा. 1960 च्या मायामी-नासाऊ शर्यतीत याच आकाराच्या ‘मॉपी’ नावाच्या बोटीने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि वेगवान बोटींची जातच बदलली. पण लाटांवर आदळून मार खातो तोही हाच तळ. इकडेतिकडे विखुरलेले केसासारखे तडे बहुधा वरच्या लेपापुरते असतात. आतल्या दांडीच्या रेषेत लांब तडा दिसला की उठा, चहा प्या, घरी जा.

आता इंजिन! काकांनी झाकण उघडून आधी तळहात टेकवला. थंड आहे ना? मालकाने आधीच तापवून ठेवलेलं कुरकुरं इंजिनही गुणी बाळासारखं सुरू होतं म्हणे. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन. सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर खिसा सांभाळा. ड्राइव्हचं गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं, पाणी आत आलं. ड्राइव्हची घडीची रबरं बोटांनी उलगडून बघायची, चिरलेलं रबर बोट बुडवू शकतं. आणि हे तर मला ठाऊकच नव्हतं: कित्येक बोटींत समुद्राचंच पाणी इंजिनातून खेळवून ते थंड ठेवतात. खारं पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून खात जातं, बाहेरून पत्ताही लागत नाही! म्हणजे नर्मदेच्या गोड्या पाण्यात आयुष्य काढलेलं इंजिन आणि समुद्रातलं इंजिन, दोन्हींचे तास सारखे असले तरी किंमत सारखी नाही.

पाण्यात चालवून बघितल्याशिवाय सौदा नाहीच. पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचलंच पाहिजे. कागदही बघा. नद्या-जलाशयांवरच्या यांत्रिक बोटींसाठी आता अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आहे. नोंदणी आणि इंजिनाचा नंबर जुळवून घ्या.

ती लाल बोट आम्ही सोडली. मामेभाऊ हिरमुसला, मी मात्र हवेत! कोणी जुनी बोट बघायला निघणार असेल तर आधी एक फोन करा. तिकीट माझं मी काढतो, फक्त मला सोबत न्या.