विहिरीपलीकडचे कुरण

फ्रान्सच्या मध्यभागी, लिमूझँ नावाच्या पूर्वीच्या प्रशासकीय विभागात, क्रझ म्हणून एक जिल्हा आहे. ग्रॅनाइटच्या भिंती, चेस्टनटच्या तुळया आणि वर्षातील बहुतेक दिवस मिटलेल्या खिडक्या, अशी तेथील गावे. रत्नागिरीकडच्या एका खेड्यात जन्मलेला, लेस्टरच्या शाळांतून तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला आणि कायद्याने ब्रिटिश नागरिक असलेला मी, 2017 च्या वसंतात तेथे एक घर आणि घरामागचे दोन हेक्टरांचे कुरण विकत घेण्यास गेलो, तेव्हा आपण निव्वळ दगडामातीचा व्यवहार करावयास निघालो आहोत, अशी माझी समजूत होती. खरेदीखतावर सह्या होईपर्यंत अकरा महिने गेले, आणि त्या अवधीत माझ्या वडिलांनी आयुष्यभर उराशी बाळगलेले एक दुःख मला प्रथमच दुसऱ्या बाजूने दिसले.

इंग्रज माणसाला फ्रान्सच्या खेड्याची ओढ का लागते, याचे उत्तर सोपे आहे: लंडनच्या उपनगरातले दोन खोल्यांचे बिऱ्हाड विकून जे पैसे हाती येतात, त्यांत येथे भाकरीच्या भट्टीसह, बागेसह, कोठारासह एक अख्खे घर मिळते. पण घरे इतकी स्वस्त का पडली, हा प्रश्न घेणारा क्वचितच विचारतो, आणि तो विचारावा असे मला मनापासून वाटते. क्रझ हा गवंड्यांचा मुलूख. पीक पोटापुरते येत नसे, म्हणून दर वसंतात येथील पुरुष पाथरवटाची हत्यारे घेऊन पॅरिसची वाट पायी तुडवीत आणि हिवाळ्यात परतत. आमच्याकडचे चाकरमानी शिमग्या-गणपतीला परतत, तसेच ते. पुढे परतणे थांबले. पहिल्या महायुद्धाने उरलेले तरुण नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या जिल्ह्याची वस्ती पावणेतीन लाखांच्या वर होती, ती आज सव्वा लाखदेखील नाही. याच मातीतला मार्तँ नादो 1830 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बापाबरोबर पॅरिसला चालत गेला, गवंड्याचा लोकप्रतिनिधी झाला, 1851 च्या सत्तापालटानंतर हद्दपार होऊन इंग्लंडात गेला आणि तेथे अनेक वर्षे फ्रेंच शिकवून त्याने उदरनिर्वाह केला. इंग्लंडात शिकवून जगलेला क्रझचा तो माणूस आणि इंग्लंडात शिकवून क्रझला आलेला मी, या योगाचे मला फार अप्रूप वाटे, आणि त्याच्या गावाजवळून जाताना मी गाडीचा वेग नकळत कमी करीत असे.

फ्रान्समध्ये जमिनीचा व्यवहार ‘नोतेर’शिवाय होत नाही. इंग्लंडात घेणारा व देणारा आपापला वकील नेमतात आणि करारपत्रांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही दिलेला शब्द मोडू शकतो. येथे नोतेर हा शासनाने नेमलेला अधिकारी असून उभयपक्षी एकच असला तरी चालतो. आमच्या नोतेर एक मध्यमवयीन बाई होत्या. पण स्त्री असो वा पुरुष, नोतेरास ‘मेत्र’ म्हणूनच संबोधावयाचे. आधी साठेखत झाले, दहा टक्के इसार त्यांच्या खात्यात जमा झाला, आणि विचार पालटल्यास माघार घेण्यासाठी कायद्याने खरेदीदाराला दिलेली दहा दिवसांची मुदत मला मिळाली. विक्रेत्याला अशी मुदत नाही. शिसे, ॲस्बेस्टॉस, वाळवी, सांडपाण्याची टाकी यांचे दाखले एकामागून एक येत राहिले.

विक्रेते सात होते. म्हातारी घरधनीण वारल्यावर घर सात वारसांच्या अविभक्त मालकीत आले होते. कोणी पॅरिसात, कोणी लियाँत, एक भाची कॅनडात, आणि साऱ्यांच्या सह्या वा मुखत्यारपत्रे जुळून येईपर्यंत पाच महिने सरले. माझे इंग्रज शेजारी या विलंबाने हैराण होत. मला मात्र त्यात काही परके वाटेना. सातबाऱ्यावर चौदा नावे असलेल्या घरात मी वाढलो. कोण कुठे, कोणाची वारसनोंद राहिली, कोणाचा फेरफार मंजूर झाला नाही, हीच आमच्या ओटीवरची संभाषणे. इंग्लंडात बाप मृत्युपत्राने आपली मिळकत ज्याला हवी त्याला देऊ शकतो. 1804 च्या नेपोलियनी संहितेने तो अधिकार आवळला. एक अपत्य असेल तर निम्मी, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन वा अधिक असतील तर तीन चतुर्थांश मिळकत मुलांसाठी राखीवच. मिताक्षरेच्या छायेत वाढलेल्या माणसाला लंडनच्या कायद्यापेक्षा हा कायदा जवळचा वाटतो, यात नवल नाही.

सहाव्या महिन्यात मेत्रबाईंचे पत्र आले. फ्रान्समध्ये ‘साफेर’ नावाच्या ग्रामीण भूसंस्था आहेत. 1960 च्या कृषिकायद्याने त्या स्थापन झाल्या आणि दोन वर्षांनी त्यांना शेतजमीन इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्क मिळाला. शेतजमिनीचा सौदा ठरला की नोतेराने त्यांना वर्दी द्यावयाची आणि दोन महिने थांबावयाचे; 2014 च्या कायद्यान्वये घर वगळून केवळ शेतीच्या तुकड्यापुरताही हा हक्क बजावता येतो. माझ्या सौद्यात तसेच झाले. विहिरीपलीकडचे कुरण शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याला जाणार होते. घर, अंगण आणि बाग घ्यावयाची असल्यास मी घ्यावी, किंमत त्या प्रमाणात कमी होईल.

पत्र वाचून मला जो संताप आला तो त्या कुरणाच्या किमतीपेक्षा फार मोठा होता, आणि तो माझा एकट्याचा नव्हता. माझे वडील गिरगावात कारकुनी करीत. गावची आमची भातखाचरे एक कूळ कसत असे. 1 एप्रिल 1957 रोजी, कुळकायद्याने ठरविलेल्या त्या दिवशी, कसणारा त्या जमिनीचा मालक झाला, आणि न्यायाधिकरणाने ठरविलेली अल्प किंमत हप्त्याहप्त्याने वडिलांकडे येऊ लागली. त्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत अखेरपर्यंत जपल्या. आपल्यावर अन्याय झाला, हे त्यांनी कोणाला मोठ्याने सांगितले नाही आणि क्षणभरही विसरले नाहीत. मी परदेशी नागरिकत्व पत्करल्यावर तर भारतात शेतजमीन खरेदी करण्याची वाटच कायद्याने मिटली. आणि आता जेथे वाट खुली होती असे वाटत होते, तेथेही कसणारा माझ्या आधी उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी ते कुरण पाहावयास गेलो. तो तरुण तेथे कुंपण दुरुस्त करीत होता. पलीकडे त्याच्या तांबूस लिमूझँ गाई पाठीवर दव घेऊन उभ्या होत्या. पत्राबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मीही बोललो नाही. त्याने बुटाच्या टाचेने गवत बाजूस सारले आणि खाली रोवलेला ग्रॅनाइटचा हद्दीचा दगड मला दाखविला. मग वाकून, ओल्या मातीचे एक ढेकूळ उचलून, ते बोटांनी फोडीत, पाणी कोठे साचते, उताराच्या कोणत्या अंगाला गवत आधी पिकते, म्हाताऱ्या बाईंचे यजमान कोणत्या वर्षी तेथे चर खणून गेले, हे तो सांगू लागला. माझे फ्रेंच त्याच्या बोलीला पुरे पडत नव्हते. पण त्याची बोटे मी पाहत होतो. अशीच बोटे मी लहानपणी पाहिली होती, आमच्या खाचराच्या बांधावर, आमच्या कुळाची. आणि त्या माणसाला पावसाआधी राब केव्हा भाजावा हे विचारण्याचे माझ्या वडिलांच्या कधी मनात आले नव्हते. वडील वाईट नव्हते. ते गिरगावात होते, इतकेच. जमीन ज्याला अशी हाताने ठाऊक आहे, त्याला ती आधी विचारली जावी, हे मला त्या ओल्या कुरणात पूर्णपणे पटले, आणि वडिलांच्या दुःखाविषयीची माझी माया त्याने तिळमात्र कमी झाली नाही.

मी घर घेतले. खरेदीखत मेत्रबाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचले, आणि दुभाष्याने ते मला इंग्रजीत सांगितले. हिश्श्यांचे क्रमांक आले, मागील तीस वर्षांच्या मालकीचा क्रम आला, आणि एका जागी, अंगणातील विहिरीतून पाणी भरण्याचा अधिकार कुरणाच्या मालकास पूर्वापार असून तो तसाच चालेल, असे कलम आले. मेत्रबाईंनी मान वर करून मला हे समजले का, असे विचारले. मी ‘होय’ म्हटले. ज्या दप्तरात हा कागद पंचाहत्तर वर्षे राहील आणि त्यानंतर जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाईल, तेथे माझे गावचे आडनाव एका फ्रेंच गृहिणीच्या माहेरच्या नावाखाली लिहिले गेले.

2021 च्या आरंभापासून ब्रिटिश पारपत्रावर येथे दर एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते. पूर्वी मी हवे तेव्हा येई. आता पंचांगावर खुणा करून येतो, आणि पहिली कापणी पाहावयास मिळाली तर दुसरी हुकते. निघण्याच्या सकाळी फाटक उघडे ठेवतो, कारण त्या तरुण शेतकऱ्याला विहिरीकडे ट्रॅक्टर आणावा लागतो. लोखंडी किल्ली तळहाताएवढी आहे. ती मी त्याच्या गोठ्यात, दाराच्या आतल्या अंगाला, त्याने माझ्यासाठी ठोकलेल्या खिळ्याला अडकवितो.