बाबागाडी निघाली काल्हेरला!

दोस्तांनो, ठाण्याहून भिवंडीकडे निघालात, की कशेळीचा खाडीपूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात काल्हेर येतं. एका अंगाला खाडी, रस्त्यालगत गोदामंच गोदामं आणि मालाचे भलेमोठे ट्रक! इथे धाकट्या भावंडांना फिरवायचं, तर दोघं बसतील अशी लांब दांड्याची चारचाकी बाबागाडी झकास.

इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट यांनी एका सरदाराच्या मुलांसाठी गाडी बनवली. ती ओढायला बकरी किंवा तट्टू! आपल्या गाडीची बकरी म्हणजे तुम्हीच.

मातीच्या वाटेवर गाडी ढकलू नका, ओढा. तिरपा दांडा ओढताना गाडी किंचित वर उचलली जाते, म्हणून चाकं कमी रुततात. ढकलताना तीच गाडी खाली दाबली जाते. चाकं मोठी असली, तर खड्डेही सहज पार होतात.

पण एक गोम आहे बरं का! ओढताना बाळं तुमच्या पाठीमागे असतात, दिसत नाहीत. आणि ट्रकच्या अगदी पुढ्यातली बुटकी गाडी उंचावर बसलेल्या ड्रायव्हरकाकांनाही दिसत नाही. म्हणून हमरस्ता आला, की गाडी थांबवायची. एकेक बाळ आई-बाबांच्या कडेवर. बाबांच्या दुसऱ्या हातात रिकामी गाडी, आईच्या दुसऱ्या हातात तुमचा हात. उशीर झाला तर होऊ दे!

खाडीकाठी पाण्यापासून लांब थांबा, चाकांना दगड लावा. मग बाळांबरोबर बगळे मोजा. बघू, आधी कोण चुकतं ते!