धगीपाशी

अमरावती

चिरंजीव भाच्यास,

अकोल्याहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी भीती जाऊ दे, मग लिहीन, असं तू म्हणतोस. मला हा क्रम पटत नाही. भीती गेल्यावर लिहायला उरेल काय? पण नुसती भीती असली की लिखाण होतं, असंही मी म्हणणार नाही. तिला आपल्या अंगावरून उतरवून दुसऱ्या कशात तरी ओतावं लागतं. ते भांडं सापडेपर्यंत ती माणसाला फक्त जागवते.

याचा पुरावा आपल्या वऱ्हाडातच आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. शिंप्याचं घर, राबराब राबणारी कौतिक, कामाला न लागणारा नवरा महादेव, आणि पुढे त्याला जडलेला महारोग. त्या रोगाची तेव्हा काय दहशत होती, हे समजायला दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये इथे अमरावतीत सुरू केलेलं तपोवन आठव. रोग्याला घर आणि गाव दोन्ही पारखं होई, म्हणून तर त्याच्यासाठी वेगळी वस्ती वसवावी लागली. शेळक्यांनी ही दहशत रोग्याच्या आक्रोशात मांडली नाही. कौतिकच्या हिशेबात मांडली: आज चूल कशी पेटेल, पोराची शाळा कशी टिकेल. नावच बघ ना. जाळ आपल्याला शिवत नाही, तरी अंग पोळतं, ती धग. संवादही त्यांनी वऱ्हाडीत ठेवले, आणि मला ती निव्वळ स्थानिक रंगाची हौस वाटत नाही. जीव घाबरा झाला की माणसाच्या तोंडी घरचीच बोली येते. प्रमाण मराठीत कौतिक इतकी एकटी वाटली नसती.

तू म्हणशील, शेळक्यांच्या मनात हीच भीती होती कशावरून? लेखकाच्या मनात शिरण्याचा माझा दावा नाही. पानावर जे आहे त्यावरून मी बोलतो आहे. उलट, सरळ रेघ ओढणाऱ्यांचाच मला राग येतो. सुरेश भटांचं बघ. १९३२ साली अमरावतीत जन्म, लहानपणीच पोलिओने अधू झालेला पाय. म्हणून कवी झाले, असं लोक सहज बोलून जातात. पोलिओ त्या काळात हजारो पोरांना झाला. 'एल्गार' लिहिणारा एकच निघाला. तेव्हा दुखण्याला कारण म्हणू नये. भटांनी निवडलेलं भांडं बघावं, ते म्हणजे गझल. गझलेत वृत्त सांभाळायचं, काफिया-रदीफ सांभाळायचे, आणि प्रत्येक शेर दोनच ओळींत स्वतःच्या पायावर उभा करायचा. एवढ्या शिस्तीत रडगाण्याला पसरायला जागाच मिळत नाही. भीती असो की संताप, तिला ताठ उभं राहावं लागतं.

भांड्याची हीच गोष्ट काफ्काचीही. त्याने १९१९ मध्ये वडिलांना लांबलचक पत्र लिहून त्यांच्या धाकाचा सगळा जमाखर्च मांडला. पण तो धाक जगाला आधीच कळला होता, एका सकाळी किडा होऊन जागा झालेल्या माणसाच्या गोष्टीतून. ती १९१५ सालची.

तुझ्या मनातला मोठा आक्षेप मला दिसतो: आपली भीती दुसऱ्याच्या दुःखावर लादणं पाप नाही का? आपल्या भागात हा प्रश्न फार बोचतो. शेतकऱ्याच्या गळफासावर कविता लिहून टाळ्या घेणं सोपं आहे, आणि मला ते सहन होत नाही. पण सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी वाच. शिकून नोकरी नसलेला एकनाथ तिथे आत्महत्येच्या आकडेवारीतला माणूस म्हणून येत नाही. तो पेरणीच्या काळजीत, घरच्या भांडणांत, बायकोच्या शहराच्या ओढीत जगताना भेटतो. माझी कसोटी हीच आहे. भीती बाजूला काढली तरी तो माणूस उरतो का? एकनाथ उरतो. कौतिक तर उरतेच.

तुझ्या पत्रात 'भीती' हा शब्द जागोजागी आहे. ती कशाची, हे मात्र एकदाच आलंय, तेही कंसात: रात्री भाऊजींचा खोकला ऐकू आला नाही, की तू उठून त्यांच्या दाराशी उभा राहतोस. त्या दाराशी दुसरा कुणी उभा कर, त्याला वेगळं नाव दे, आणि तो आत जातो की माघारी फिरतो, तेवढं मला लिहून पाठव.

तुझा,
मामा