भावोजींची हाक

नातेवाचक शब्द शिकवताना मी वर्गात अनेक वर्षे एकच उदाहरण देत आलो आहे. सप्टेंबर २००४ मध्ये, वाहिनीचे नाव अजून 'अल्फा मराठी' होते तेव्हा, 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निवेदक आदेश बांदेकर हे त्याआधी दूरदर्शनवरील 'ताक धिना धिन' या गाण्यांच्या खेळामुळे घरोघरी ठाऊक झालेले होते. नव्या कार्यक्रमात मात्र ते मंचावर उभे राहिले नाहीत. ते लोकांच्या दारात गेले, घरातील स्त्रीला त्यांनी 'वहिनी' म्हटले आणि उलट 'भावोजी' ही हाक स्वीकारली. २००९ साली त्यांनी माहीम मतदारसंघातून विधानसभेची निवडणूक लढवली, ती ते हरले. पुढे ते सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्षही झाले. लोकांच्या तोंडी त्यांचे पद एकच राहिले: भावोजी.

या संबोधनात मोठे शहाणपण आहे. परका पुरुष संध्याकाळच्या वेळी घरात येतो, गृहिणीशी हसतो, तिची थट्टा करतो, नवऱ्याबद्दलच्या तक्रारी तिच्या तोंडून काढून घेतो. हे सारे आपल्या कुटुंबव्यवस्थेत कोणाला शोभते? सासऱ्याला नाही, थोरल्या दिराला नाही. धाकट्या दिराला तेवढे शोभते. थट्टेचा परवाना असलेले ते एकच नाते सासरघरात असते आणि निवेदकाने नेमके तेच निवडले. अमेरिकेतील 'द प्राइस इज राइट' या खेळात जॉनी ओल्सन हा निवेदक १९७२ पासून १९८५ पर्यंत प्रेक्षकांतील एकेकाचे पूर्ण नाव पुकारून त्याला पुढे बोलावीत असे. तिथे हाक व्यक्तीला होती. आपल्याकडे ती नात्याला आहे. नाव तर आपल्या खेळात उखाण्यात दडवूनच घ्यायचे असते, कारण पतीचे नाव उघड उच्चारायचे नाही हा जुना भाषिक निषेध उखाण्याच्या ओळींमधून वाट काढतो.

वर्गात मी एवढे सांगून थांबत असे. पुढचे मला आण्यात शिकावे लागले.

बेल्हे सोडून घाट चढला की जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला आमचे आणे लागते. पठार कोरडे आहे. पावसाची वाट पाहण्यात इथल्या पिढ्या गेल्या आणि पुष्कळ घरांतील पुरुष मुंबईच्या वाटेला लागले. माझा थोरला भाऊही गेला. बाजारात ओझी वाहून त्याने मला शिकवले. वहिनी त्याच्याबरोबर एका खोलीत राहिली आणि तिथेच दोघांना 'होम मिनिस्टर'चा नाद लागला. कार्यक्रम चालू असताना वहिनी म्हणे मनातल्या मनात उखाणा जुळवी आणि भाऊ विचारी, "झाला का तयार?" बांदेकर त्यांच्या खोलीत कधी आले नाहीत. भाऊ गेल्यावर वहिनी गावी परतली. मी सुटीत घरी गेलो की ती मला आजही "भावजी" म्हणते. दूरदर्शन संचावर तो शब्द महाराष्ट्राचा झाला असला तरी माझ्या दृष्टीने तो तिचाच आहे.

काही वर्षांपूर्वी गावातील एका मंडळाने 'खेळ पैठणीचा' ठेवला. असे कार्यक्रम आता गणेशोत्सवापासून वाढदिवसांपर्यंत सर्वत्र होतात आणि त्यांचे निवेदक बहुधा बांदेकरांचीच लकब उचलतात. तोही मुलगा तसाच होता: चुणचुणीत आणि गोड गळ्याचा. मी पाहुणा म्हणून मंचावर होतो. शाल, श्रीफळ झाले होते. निवेदकाने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि म्हटले, "सर्व सुवासिनींनी पुढे यावे."

वहिनी तिसऱ्या रांगेत होती. उठण्यासाठी तिने पदर सावरला होता, हे मी पाहिले. मग ती तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळाने शेजारणीच्या मुलाला मांडीवर घेऊन मागे निघून गेली. माझ्यापुढेही ध्वनिक्षेपक होता. संबोधनांवर प्रबंध लिहिलेला मी माणूस, एक शब्द बोललो नाही. रात्री मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी सवाष्णींना बोलावलं, भावजी. मला कुठं बोलावलं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने वाक्याचा अर्थ बरोबर लावला होता, इतकेच.

'सुवासिनी' हा शब्द संस्कृतात माहेरी राहणाऱ्या स्त्रीलाही लावला जाई, मग ती विवाहित असो वा अविवाहित. पुढे त्याचा अर्थ पती हयात असलेली स्त्री एवढ्यावर आला. म्हणजे पतीच्या श्वासाबरोबर हा शब्दही स्त्रीपासून काढून घेतला जातो. 'वहिनी'चे तसे नाही. माझा भाऊ गेला, पण त्याची पत्नी माझी वहिनी राहिली. हे नाते मरणाने तुटत नाही. बांदेकरांच्या त्या साध्या हाकेत किती मोठे दार होते, हे मला तेव्हा उमगले. त्यांची लकब उचलणाऱ्या मुलाने हसणे, चालणे सारे उचलले होते. शब्द तेवढा सोडला होता.

सकाळी मी त्याला गाठले. तो ओशाळला. "सर, सवयीनं तोंडात येतो हो तो शब्द," म्हणाला. खरेच होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठरावाने प्रथेला आळा बसू शकतो. सवयीने तोंडात येणारा शब्द मात्र ज्याचा त्यालाच थांबवावा लागतो.

पुढच्या वर्षी मी प्रेक्षकांत बसलो. त्याच मुलाने हाक दिली, "सर्व वहिनींनी पुढे यावे." वहिनी उठली नाही. त्याने पुन्हा हाक दिली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ती गेली. लिंबू-चमच्याच्या पहिल्याच फेरीत तिचे लिंबू पडले आणि ती बाद झाली. पण त्याआधी उखाण्याची पाळी आली होती. मंडपात क्षणभर शांतता पसरली. मग तिने दोन ओळी म्हटल्या आणि त्यांत माझ्या भावाचे नाव घेतले, स्पष्ट, चारचौघांत. त्याच्या हयातीत जुळवलेला उखाणा असावा.

परत येऊन ती शेजारी बसली. "चुकला नाही ना, भावजी?" तिने विचारले. मी नाही म्हटले.