समुद्र नसलेल्या गावी समुद्राचे भाकीत

आपल्या हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागर आहे, पण तो नावाचाच सागर. तरीही देशाच्या किनाऱ्यांना समुद्राची वार्ता देणारी 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था १९९९ पासून याच शहरात आहे. उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या रंगावरून आणि तापमानावरून मासळी कोठे मिळेल, सूक्ष्म शैवाल कोठे माजले आहे, हे ती कळवते.

शैवालाचे संकट किती वाढू शकते, हे कॅरिबियन बेटांना विचारावे. २०११ पासून तेथे सरगॅसम नावाचे तरंगते समुद्रशैवाल ढिगांनी किनाऱ्याला लागू लागले. २०१८ साली अटलांटिकमधील त्याचा पट्टा सुमारे ८,८५० किलोमीटर लांब होता. वजन दोन कोटी टनांहून अधिक! ते कुजले की दुर्गंधी सुटते, प्रवासी पाठ फिरवतात. अवजड यंत्राने उचलावे तर वाळूही जाते. म्हणून आधी कळणे आणि गावकऱ्यांचे हात, दोन्ही हवेत.

मी वाणिज्य शाखेचा, मराठी माध्यमात शिकलेला. इंग्रजी पुस्तकातले 'डेप्रिसिएशन' मला 'घसारा' म्हटल्यावरच उमगले. त्यामुळे इन्कॉइसची मासळीची सूचना मराठीत आणि कन्नडमध्येही जाते, याचे मोल मला वाटते. पण वार्ता एकाच दिशेने जाऊन भागणार नाही. ढगांआड उपग्रहाला दिसत नाही. खडकाला काय लागले, ते कोळ्याला दिसते. त्याचा निरोपही हैदराबादला पोचला पाहिजे. जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय खाते पुरे होत नाही.